आत्याच्या लेखकांचं शहर

१४ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो आणि लगेच कामाला जुंपला गेलो. खोली एवढीशी आहे. पलंगावर बसून हात लांबवला की खिडकी, गॅस आणि दार तिन्ही हाताला येतात. आता याची तक्रार करायची की कौतुक, ते अजून ठरलेलं नाही. कंपनीने मला जुन्या वस्तीतल्या लिफ्ट सांभाळायला दिल्या आहेत. जाळीची दारं, लाकडी डबे, पितळी बटणं. काही काही इतक्या म्हाताऱ्या आहेत की पाना लावण्याआधी परवानगी मागावीशी वाटते.

आता पत्राचं खरं कारण. काल एका चार मजली घरातली लिफ्ट अडकली म्हणून गेलो. ब्रेक सुटत नव्हता. दाराशी एक पाटी होती, अमुक कादंबरीकार या घरात राहत असत, अशी. नाव वाचलं आणि हातातली हत्यारांची पेटी खालीच ठेवली. मला गालगुंड झाले होते तेव्हा उशाशी बसून तू ज्याचं जाडजूड पुस्तक वाचून दाखवलंस, तो आपला समुद्रवाला! तो पुस्तकातच राहतो असं मला वाटायचं. त्याला जिना असेल, किल्ली असेल, त्याचीही लिफ्ट बंद पडत असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्याची वरची खोली लोकांना बघायला उघडी असते, असं घर राखणाऱ्या बाई म्हणाल्या. मी गेलो नाही. एक तर हात ग्रीसने माखलेले, आणि आत जाऊन बघायचं काय ते कळेना. तूच सांग. हे शहर तुझं आहे. इथले रस्ते, पूल, कोपरे तू अशा काही झोकात सांगायचीस की मोठा होईपर्यंत मी समजत होतो, तू इथे राहून आली आहेस. पुस्तकं वाचून सांगत होतीस हे कळलं तेव्हा मी दोन दिवस रुसलो होतो, आठवतं?

बाबा म्हणतात, दुखण्यातून तू आता बरी आहेस. मग फोनवर 'हं' आणि 'बरं' यापलीकडे का जात नाहीस? माझ्यावर रागावली असलीस तर कारण कळव, म्हणजे मोजून-मापून माफी मागता येईल.

उत्तर लवकर दे, नाहीतर पुढचं पत्र तिकीट न लावता टाकीन.

तुझा
खटपट्या

२३ जानेवारी

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. ते मला खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी वाचून दाखवलं. का, ते आता सांगते. तुझ्या बाबालाच काय ते माहीत आहे, आणि कुणाला सांगू नकोस म्हणून मीच त्याला बजावलं होतं.

दुखण्यातून उठले त्या सकाळी वर्तमानपत्र हातात घेतलं, तर ते भलत्याच कुठल्यातरी लिपीत छापलेलं होतं. मला वाटलं, पेपरवाल्याने चुकीचा पेपर टाकला. मग कॅलेंडर पाहिलं. तेही तसंच. मग औषधाची बाटली. तेव्हा मात्र मी खाली बसले. डॉक्टर म्हणाले, मेंदूत मागच्या बाजूला रक्ताची एक बारीकशी गाठ अडकून गेली. डोळे चांगले, बोलणं चांगलं, हातही चांगला, फक्त वाचणं गेलं. कागदावर काळं काही आहे एवढं दिसतं, पण ते जुळून शब्द होत नाहीत. गंमत अशी की लिहिता येतं. हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. पण पेन खाली ठेवलं की ते मला परकं. आता वरती मी काय लिहिलंय ते विचारशील तर सांगता येणार नाही.

जन्मभर पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवलं, आणि आता मीच पहिलीत नापास. हसायला हरकत नाही, मीही एकदा हसले. पण बाहेर जाणं सोडलंय. बसवरची पाटी वाचता येईना म्हणून भलत्याच ठिकाणी उतरले आणि घर कुठल्या दिशेला ते कुणाला विचारायचीही लाज वाटली. तेव्हापासून मी आणि माझी चार कपाटं. पुढच्या महिन्यात वाचनालयाची माणसं येऊन पुस्तकं घेऊन जाणार आहेत. दादानेच, म्हणजे तुझ्या बाबानेच, सुचवलं, आणि मीही हो म्हटलं. रोज त्यांच्या पाठी बघत बसायचं आणि एकही तोंड फिरवून बोलत नाही, हे सोसवत नाही रे.

तेव्हा जा. आत जा. हात धुऊन जा म्हणजे झालं. आणि तिथे उभं राहून मला सगळं सांग. फोटो नकोत, फोटो मला दिसतात पण ते बोलत नाहीत. वाक्यं पाठव. तो कुठे बसून लिहायचा? त्याला समुद्र कुठल्या खिडकीतून दिसायचा? त्याच्या पुस्तकात सकाळचा समुद्र आहे, वादळातला आहे, तेलासारखा थबकलेला आहे. ती खिडकी केवढी असेल, याचा मी आयुष्यभर विचार करत आले.

तुझ्या अक्षराबद्दल नर्सबाईंचं मत फार वाईट आहे. जरा सुधार. माया आहे तेवढीच आहे, वाढवायला जागा नाही.

तुझी
आत्या

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कामावर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये बसून वाचलं. परत वाचलं. मग बराच वेळ नुसता चाकाकडे बघत बसलो. सुपरवायझरला वाटलं काही बिघडलंय. बिघडलंच होतं, पण त्याला काय सांगणार.

रविवारी गेलो. हात तीनदा धुतले. घर राखणाऱ्या बाईंनी दार उघडलं आणि त्या बाजूला झाल्या. खोली लांबट आहे, छत उतरतं. माझ्यासारख्या उंच माणसाला टेबलापाशी जाताना मान वाकवावी लागते, म्हणजे नमस्कार आपोआपच होतो. टेबल साधं, शाळेत असतं तसं. डाव्या कोपऱ्यावर लाकूड इतकं झिजलंय की तिथे खळगा झालाय. तो लिहिताना डावं कोपर तिथे टेकायचा. मी माझं कोपर टेकलं नाही. टेकवावंसं वाटलं, पण टेकवलं नाही.

आणि आता खिडकी. आत्या, खिडकी एकच आहे, टेबलाच्या समोर. आणि तिच्यासमोर भिंत आहे. शेजारच्या घराची विटांची भिंत, मी हात बाहेर काढला तर बोटं लागली, एवढ्या जवळ. समुद्र नाही. आकाशही नाही, मान वाकडी केली तर वर एक चिंधी दिसते तेवढीच. मला वाटलं, भिंत मागाहून बांधली असेल. म्हणून बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की भिंत घरापेक्षाही जुनी आहे, आणि इथून समुद्र गाडीने दिवसभराच्या वाटेवर आहे. लहानपणी तो तिथे राहिला होता, नंतर पुन्हा कधी गेला नाही.

मी त्या खुर्चीमागे उभा राहिलो आणि अंगावर काटा आला. तुला माहीत आहे, मला असलं काही होत नाही. पण मला गालगुंड झाले असताना ज्या लाटांनी झोप लागू दिली नव्हती, त्या सगळ्या या विटांमधून निघाल्या! मी त्या विटा नीट पाहिल्या. एकीवर ओल आली आहे, एकीचा टवका उडालाय. बाकी काही नाही. खरंच काही नाही. उतरताना लिफ्ट न घेता जिन्याने आलो.

पुस्तकं द्यायची घाई करू नकोस. आणखी कुठे जाऊ ते कळव. नर्सबाईंना नमस्कार, अक्षर सुधारलंय की नाही ते त्यांनीच ठरवावं.

तुझ्या मायेवर जगणारा
खटपट्या

१२ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद.

नर्सबाईंनी भिंतीपर्यंत वाचलं आणि त्या थांबल्या. मी म्हटलं, पुढे वाचा की. त्या म्हणाल्या, वाचते, पण आधी पाणी पिऊ द्या. त्यांनी ते पुस्तक वाचलेलं नाही, समुद्रही बघितलेला नाही, आणि तरी त्यांनी अख्खा तांब्या रिकामा केला. मी तर दिवसभर घरातल्या घरात फिरत होते. भिंत! आणि मी त्या माणसाचा हेवा करत होते, की काय नशीबवान, खिडकी उघडली की समुद्र.

आज माझ्या खिडकीपाशी बसले. समोर जिन्याची भिंत आहे. अजून तरी तिच्यातून काही निघालेलं नाही, पण मी बसून आहे.

आता दुसरी कामं. एक, आपल्या नाटकवाल्याचं थिएटर. पहिल्या प्रयोगाला तो कधी प्रेक्षागृहात बसत नसे, कुठेतरी लपून ऐकत असे, असं मी वाचलंय. कुठे, ते शोध. आणि दुसरं, पुलाजवळचं कवीचं घर. तिथे अंगणात त्याची एक कविता दगडात कोरली आहे म्हणतात. जाऊन ये.

वाचनालयाची माणसं महिनाअखेरीस येतील. तो विषय तू काढू नकोस. बाकी जे लिहायचं ते भरपूर लिही.

तुझी
आत्या

२४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

थिएटर शोधायलाच लागलं नाही. तिथली सामानाची लिफ्ट आमच्याच कंपनीकडे आहे, जिच्यातून झाडं, सिंहासनं आणि नकली तुळशीबागेतले खांब वरखाली करतात. (नर्सबाई, तुळशीबाग मी घुसडली, खांब साधेच आहेत.) तिथल्या म्हाताऱ्या प्रकाशवाल्याला विचारलं. त्याने मला रंगमंचामागच्या लोखंडी जिन्यावर नेलं आणि मधली एक पायरी दाखवली. तिथून रंगमंच दिसत नाही, प्रेक्षकही दिसत नाहीत. पण सगळं ऐकू येतं. नाटकवाला तिथे बसायचा, डोळे मिटून. लोक हसायला हवेत तिथे हसले की हाताने कठडा थोपटायचा, नाही हसले की उठून चालू लागायचा. संध्याकाळी प्रयोग सुरू झाला तेव्हा मी तिथे बसून पाहिलं. आत्या, अंधारात माणसांचा श्वास ऐकू येतो! हसू फुटायच्या आधी सगळं थिएटर एकदम श्वास घेतं. मला हे कधीच माहीत नव्हतं.

मग कवीचं घर, आता ते छोटं संग्रहालय आहे. अंगण लहान, स्वच्छ. भिंतीत एक उंच दगड बसवलाय. पण पावसापाण्याने झिजलाय, वरून शेवाळ, आणि ऊन अगदी समोरून पडलेलं. नुसतं बघून मला एक अक्षर लागेना. डोळे बारीक केले, मागे सरलो, पुढे गेलो. शेवटी कामावर करतो तसं केलं. लिफ्टचे रूळ झिजलेत का ते डोळ्यांना कळत नाही, बोट फिरवावं लागतं. तसं बोट फिरवलं. खाचेतून बोट गेलं आणि वळण, मग उभी रेघ, मग काना, आणि एकदम शब्द झाला: पाणी. मग पुढचा. 'पाणी पुढे गेलं, पूल दोन्हीकडे गेला.' तिसरी ओळ अगदी खाली आहे, तिच्यापुढे मोठाल्या कुंड्या मांडल्यात, म्हणून तेवढी राहिली.

माझ्या बोटाला डोळ्यांपेक्षा जास्त शिक्षण झालंय असं दिसतं. तुझी शाळा डोळ्यांवर फुकट गेली.

आणि तू काढू नकोस म्हणालीस तो विषय मी काढलेला नाही, याची नोंद घ्यावी. फक्त रोज मनात काढतो.

तुझा
खटपट्या

५ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

हे पत्र नीट बसून वाच. उभ्याने वाचू नकोस.

नर्सबाईंनी तुझं बोटाचं वाक्य वाचलं. मी ते परत वाचायला लावलं. मग उठले आणि दार उघडून बाहेर आले. पुस्तकातलं अक्षर सपाट असतं, त्याला बोट लावून उपयोग नाही. मला उठावाचं अक्षर हवं होतं. जिन्याखाली विजेच्या पेटीवर पत्र्याची पाटी आहे, तिच्यावर ठोकून उठवलेली अक्षरं आहेत. मी डोळे मिटले आणि बोट ठेवलं. वर एक गाठ. खाली वळण, मग उभी रेघ. ध. काना, मात्रा. धो. पुढे क, काना. धोका! मी जिन्यात ओरडले, धोका, धोका! नर्सबाई धावत आल्या. त्यांना वाटलं मला शॉक बसला. त्यांनी मला मागे खेचलं, आणि मी हसतेय का रडतेय ते आम्हा दोघींनाही कळेना. इतक्या महिन्यांत वाचलेला पहिला शब्द, आणि तो हा!

डॉक्टर म्हणाले की डोळ्यांकडून आत जाणारी वाट बंद झाली आहे, पण हातांची वाट निराळी. हात जन्मभर अक्षरं गिरवत आले आहेत, ती त्यांना ठाऊक आहेत. आता मी नर्सबाईंना मोठ्या अक्षरात लिहायला लावते आणि त्यावरून बोट गिरवते. सपाट कागदावरही थोडं थोडं जमू लागलंय. एका ओळीला चहा गार होतो. असू दे. माझ्या पहिलीतल्या पोरांना मी हेच करायला लावायचे, आणि ती कंटाळली की ओरडायचे. आता कुणी मला ओरडायला नाही, तरी मी कंटाळत नाही.

वाचनालयाची माणसं आली होती. त्यांना चहा देऊन परत पाठवलं. बिचारे रिकामा टेम्पो घेऊन गेले. दादाला तू सांग, मला तो बोलू देणार नाही.

पण एक शंका मला पोखरते आहे. काल कपाटातून कवीचं पुस्तक काढलं. 'पा'वर बोट ठेवलं आणि तोंडातून सगळी कविता बाहेर पडली:

पाणी पुढे गेलं,
पूल दोन्हीकडे गेला,
मी इथेच थांबलो.

ही तुझी राहिलेली तिसरी ओळ. पण सांग, हे मी वाचलं का? की नुसतं आठवलं? माझी सगळी पुस्तकं मला अर्धीअधिक पाठ आहेत. पहिलं अक्षर लागलं की पुढचं मन बोलतं, बोट नुसतं मागून येतं. नर्सबाई म्हणतात, एवढा कीस काढू नका. पण पोरा, वाचणं म्हणजे समोरचा काय म्हणतो ते कळणं. मला माझाच आवाज ऐकू येत असेल, तर तो आणि मी अजून भेटलो नाही.

तुझी
आत्या

११ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मशीनरूममध्ये उभ्यानेच वाचलं. चुकलो. बसायला हवं होतं.

तुझ्या शंकेचं उत्तर माझ्याकडे नाही, पण दगड आहे. तू ये. शनिवारी मी तुला न्यायला येतोय, बाबांशी बोललो आहे. ते आधी नाही म्हणाले, मग म्हणाले की तिच्यासाठी गरम शाल घे, म्हणजे हो म्हणाले. पलंग तुझा, मी खाली झोपेन. बसच्या पाट्या मी वाचेन, रस्ते तू दाखव.

नाही म्हणायचं असेल तर ते लिहून पाठव. टपालाला वेळ लागतो, तोवर मी दारात असेन.

तुझा
खटपट्या

२० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी इथे खुशाल आहे आणि शाल वापरते आहे, हे आधी सांगते, म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील.

पहिले दोन दिवस तर मी नुसती बघत राहिले. रस्त्यावरच्या पाट्या मला वाचता येत नाहीत, पण वळण आलं की पाय ओळखतात. पुस्तकातलं वळण! खटपट्या म्हणतो, मी इथे राहून आले नाही असं म्हणते, ते खोटं आहे. समुद्रवाल्याच्या खोलीत गेलो. ती भिंत पाहिली. तिथल्या बाईंनी मला त्या खुर्चीत बसू दिलं, कुणाला देत नाहीत म्हणे.

काल सकाळी कवीच्या घरी गेलो. पोराने तिथल्या संग्रहालयवाल्या बाईंना सांगून कुंड्या बाजूला करून घेतल्या होत्या. दगड माझ्यापेक्षा उंच आहे, त्यामुळे पहिली ओळ हात वर करून वाचली. पाणी पुढे गेलं. ती मनाने आधीच म्हटली होती, बोट मागून गेलं. दुसरीही तशीच. मला वाईट वाटू लागलं. तिसऱ्या ओळीसाठी खाली बसावं लागलं. गुडघे कुरकुरले, खटपट्याने शाल अंथरली. मी. इथेच. थां. ब. पुढे लो येणार हे मला ठाऊकच होतं, मी तो तोंडातल्या तोंडात म्हणूनही टाकला.

पण बोटाला तो मिळेना. 'ल'ला दोन वळणं असतात, दादा. एक डावीकडे, एक उजवीकडे, मधे चोच. माझ्या बोटाखाली एकच वळण होतं. मला वाटलं, दगड झिजला असेल. परत फिरवलं. कड स्वच्छ, खोल, कुंड्यांच्या आड राहिल्यामुळे जशीच्या तशी. एक वळण, आणि शेजारी उभी रेघ. त. 'थांबलो' नाही. 'थांबतो'.

मी इथेच थांबतो.

मी पोराला विचारलं, इथे काय लिहिलंय ते बघ. तो वाकून म्हणाला, थांबलो. मी म्हटलं, नीट बघ. तो पोटावर आडवा झाला, नाक दगडाला लावलं, आणि मग कितीतरी वेळ उठलाच नाही. उठला तेव्हा डोळ्यांत धूळ गेली म्हणाला. ओल्या शेवाळात कुठली आली धूळ.

संग्रहालयवाल्या बाई आल्या. त्याही म्हणाल्या, थांबलोच आहे, पुस्तकात तसंच आहे, सगळ्यांना पाठ आहे. मग त्या खाली बसल्या. त्यांनी मान हलवली, हात लावला, परत मान हलवली. मग हळूच म्हणाल्या की दगड कोरत होते तेव्हा कवी फार थकला होता, तरी रोज इथे खुर्ची टाकून पाथरवटाशेजारी बसायचा. त्याच्या डोळ्यांदेखत कोरलंय. म्हणजे चूक नाही. पुस्तक छापलं तेव्हा तो तरुण होता आणि थांबून मोकळा झाला होता. जाता जाता त्याने एवढं एक अक्षर बदललं, कुणाला न सांगता, जमिनीलगत.

मी त्या 'तो'वरून बोट काढलं नाही. हे मला पाठ नव्हतं, दादा. हे माझ्या मनात कुठेच नव्हतं. ते त्याने सांगितलं आणि मला कळलं. आजूबाजूला काय चाललं होतं ते मला ठाऊक नाही. बाई कुणाला तरी फोन करत होत्या, एवढं आठवतं.

आज सकाळी परत जावंसं वाटलं म्हणून गेलो, तर अंगण भरलेलं. शाळेतली दोन पोरं, एक म्हातारे गृहस्थ, एक पोलीस, एक तान्हं बाळ घेतलेली बाई. एकेक जण दगडापुढे गुडघे टेकून बसत होता, डोळे मिटून शेवटच्या ओळीवरून बोट नेत होता आणि उठून दुसऱ्याला जागा देत होता. पोलिसाने टोपी काढून काखेत धरली होती. आम्ही दाराशी उभे राहिलो. खटपट्याने मला पुढे चल म्हणून खुणावलं, पण मी रांगेत शेवटी गेले.

वहिनीस नमस्कार. मी इतक्यात येत नाही, तेव्हा रागवायचं ते पत्रानेच रागाव. लोभ ठेवतोसच, तो पुढेही ठेव.

तुझी धाकटी